साडूच्या गाडीचं ऑइल

माझ्या साडूने गाडी घेतल्याची बातमी मला बायकोने दिली ती पोळ्या लाटता लाटता. सांगण्याच्या नादात तव्यावरची पोळी करपली आणि ती माझ्याच ताटात आली. "ताईकडे गाडी येतेय पाडव्याला. नवी कोरी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढचा गोळा घेतला. मी पोळी खाल्ली. खरं तेच सांगतो, मला आनंदबिनंद काही झाला नाही. पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं पुढे सात-आठ महिने काही थांबलं नाही.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कल्याणला विटांचा धंदा करायचा. फाळणीनंतर कल्याणजवळ निर्वासितांचा कॅम्प वसला, घरं उठायला लागली, आणि साडूच्या भट्ट्या बारा महिने धुमसायला लागल्या. मी ठाण्यात गिरणीत फिटर. राहायला चरईतल्या चाळीत, दोन खोल्या. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते मी सांगायचो, आणि इंजिन कुठल्या बाजूला असतं हे ठाऊक नसलेला माणूस गाडी घेत होता! मला काय वाटलं असेल ते समजून घ्या.

पाडव्यानंतरच्या रविवारी गाडी चाळीच्या दारात आली. फिकट हिरवी, नाकावर चकचकीत पट्टी, समोर लिंबू-मिरची लटकवलेली. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई, पदर डोक्यावर घेऊन, देवळात बसल्यासारख्या. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्या थोरल्या लेकीकडेच असायच्या. सगळी चाळ खाली उतरली. साडू दार उघडून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे साडूभाऊ, कशी आहे?" तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला अहो-जाहो करायचो, तो मला अरे-तुरे. एरवी त्याचं काही वाटायचं नाही. त्या दिवशी मात्र तो 'रे' मला चांगलाच झोंबला.

चहा झाल्यावर त्याने खिशातून एक पुस्तक काढलं. गाडीबरोबर कंपनीने दिलेलं, सगळं इंग्रजीत. त्याचं इंग्रजी बेताचंच, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. गॅरंटी एका वर्षाची होती, म्हणजे पुढल्या गुढीपाडव्यापर्यंत. तोवर इंजिनात काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देणार. पण अट अशी की ठरल्या मैलांना ऑइल बदललंच पाहिजे, आणि तेही पुस्तकात दिलेल्या नंबरचंच. बदलायला मुंबईला कंपनीच्या कारखान्यात जायलाच हवं असं नव्हतं. बाहेर केलं तरी चाले, फक्त दर वेळी कंपनीने दिलेल्या वहीत तारीख, मैल, ऑइलचा नंबर आणि काम करणाऱ्याची सही हवी, आणि ऑइलच्या दुकानाचं बिल जपून ठेवायला हवं. यातलं काही चुकलं तर कंपनी हात वर करणार, हे मी त्याला दोनदा समजावलं.

साडू म्हणाला, मुंबईला जायचं म्हणजे आख्खा दिवस गेला, तूच कर ना, तुझ्या कामाला कोण नावं ठेवतंय. मी लगेच हो म्हटलं. बायकोला वाटलं मी मोठ्या मनाचा. कसलं मोठं मन! त्या गाडीला हात लावायला मिळणार होता, एवढंच मला दिसत होतं.

मग आमची रीत ठरली. शनिवारी गिरणी सुटली की मी स्टेशनरोडच्या दुकानातून ऑइलचा सीलबंद डबा आणायचो आणि बिल घरच्या तारेला लावून टाकायचो. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला ती तार होती, आमची सगळी बिलं त्या तारेत ओवलेली असत. रविवारी सकाळी साडू गाडी घेऊन यायचा. ऑइल गरम असलं की सगळी घाण घेऊन खाली येतं, म्हणून आधी गाडी बाळकुमपर्यंत फिरवून आणायची. साडू चालवायचा, मी शेजारी. मला गाडी येत होती, गिरणीच्या लॉरीवर शिकलेलो. साडूलाही ते माहीत होतं. पण जाताना नाही की येताना नाही, एकदाही त्याच्या तोंडून 'घे, चालव' असं निघालं नाही. दर वेळी बाळकुमच्या वळणावर मला वाटायचं, आता म्हणेल. तो बिडी पेटवायचा आणि गाडी वळवायचा.

परत आल्यावर जांभळाच्या झाडाखाली गोणपाट पसरायचं आणि मी गाडीखाली शिरायचो. तिथे मात्र राज्य माझं. ऑइलच्या भांड्याचा नट पान्याने सोडवायचा, खाली घमेलं धरायचं, शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघायची. नटाखालची तांब्याची चकती पुसून बघायची, चेपली असेल तर नवी घालायची. गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेकचं ऑइल, रेडिएटरचं पाणी, सगळं एकेक करून बघायचं. साडू तोवर चौकात न्हाव्याकडे दाढी करायला जायचा. वरून गाडी त्याची असेल, पण तिचं पोट फक्त माझ्या ओळखीचं होतं. तेवढ्यावर मी आठवडे काढायचो.

काम झालं की मी वहीत नोंद करायचो. साडू ती येताना आणायचा, एरवी ती कल्याणला देव्हाऱ्यात असायची. हो, देव्हाऱ्यात. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच तिच्यावर हळदकुंकू वाहून ती बाळकृष्णाशेजारी ठेवली होती. त्यांना वाचता येत होतं. चष्मा लावून त्या प्रत्येक तारीख पंचांगात ताडून बघायच्या. गाडी शनिवारी उघडायची नाही आणि अमावस्येला तर मुळीच नाही, हे त्यांनी मला गाडी दारात आली त्याच दिवशी बजावलं होतं. मी मान हलवली होती. सासूबाईंपुढे दुसरं काय हलवणार?

ज्येष्ठातल्या एका रविवारी साडू आला तो घाईतच. दाराची मूठ निसटत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गाडी मुंबईला कंपनीत न्यायची होती. मैलही भरले होते, एकवीसशे दहा. म्हणाला, ऑइल आजच उरकून टाक. डबा मी आदल्या दिवशी आणूनच ठेवला होता. बाळकुमची फेरी झाली, तो दाढीला गेला, मी खाली शिरलो. जुनं ऑइल घमेल्यात उतरत असताना बायको चहा घेऊन आली, खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "अहो, आज अमावस्या आहे. आईला कळलं तर?"

ऑइल तर निघून गेलं होतं. परत भरता येणार होतं थोडंच? मी म्हटलं, तू गप्प राहा, मी बघतो.

ती आत गेल्यावर एक गोष्ट झाली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. नट परत बसवताना माझा हात थांबला. मनात आलं, अर्धा आटा ढिला ठेवला तर? कल्याणपर्यंत पोचेल, मुंबईपर्यंत नाही पोचणार. रस्त्यात कुठेतरी इंजिन जाम होईल, आणि मग पाठीवरच्या त्या थापा बंद. पाना हातात धरून मी किती वेळ पडून होतो कोण जाणे. शेवटी माझी मलाच लाज वाटली आणि मी नट आवळला. जरा जास्तच आवळला.

मग वही घेतली आणि रविवारऐवजी सोमवारची तारीख टाकली. अमावस्या गेली, प्रतिपदा लागली, सासूबाई खूश, विषय संपला. गिरणीत आठ वर्षं मशीनच्या नोंदी ठेवत होतो, पण एकही खोटी तारीख माझ्या हातून गेली नव्हती. आणि इथे घरच्या कामात गेली. साडूने वही उघडूनसुद्धा बघितली नाही. दाढी गुळगुळीत करून आला, गाडीत बसला आणि गेला.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, गाडीचं इंजिन आतून खडखडायला लागलं. साडूने ती कशीबशी मुंबईला नेली. आणि पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला तो पायी. ठाणे स्टेशनवर उतरून, घामाने शर्ट चिकटलेला, धोतराच्या काठाला चिखल. पाडव्यापासून मी त्याला गाडीशिवाय पाहिलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, बघून मला बरं वाटलं.

त्याने सगळं सांगितलं. इंजिनाची बेअरिंगं गेली होती. कंपनीच्या साहेबांनी वही तपासली आणि ज्येष्ठातल्या त्या नोंदीवर बोट ठेवलं. वहीत सोमवार, एकवीसशे दहा मैल. आणि त्या सोमवारी गाडी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कंपनीच्याच आवारात, दाराच्या मुठीसाठी. त्यांच्या रजिस्टरात मैल एकवीसशे साठच्या वर. म्हणजे ही नोंद बनावट, ऑइल बदललंच नाही, वही मागाहून बसून लिहिली, असं साहेबांचं म्हणणं. पुढच्या शनिवारपर्यंत काम करणाऱ्याने स्वतः येऊन खुलासा केला तर ठीक, नाहीतर गॅरंटी रद्द. आणि गॅरंटी रद्द झाली तर साडूला गाडी विकावी लागणार होती. त्या पावसाळ्यात दोन भट्ट्यांत पाणी शिरून कच्च्या विटांचा चिखल झाला होता. इंजिन नवं करण्याइतकी त्याची तेव्हा ऐपतच नव्हती. हे त्याने मला मान खाली घालून सांगितलं.

"मी साहेबांना म्हटलं, माझा साडू खोटं लिहायचा नाही," तो म्हणाला. "रविवार होता ना रे तो? तुझी तारीख कशी चुकली?"

मी चहाच्या कपाकडे बघत म्हटलं, "असेल. नीट आठवत नाही."

मला सगळं आठवत होतं. अमावस्या, घमेलं, थांबलेला हात. सोमवारी गाडी कंपनीत असणार, हे तेवढं तारीख टाकताना सुचलं नव्हतं. पण खरं सांगायचं म्हणजे परक्या साहेबापुढे मी खोटी नोंद करणारा फिटर ठरणार, आणि सासूबाईंपुढे अमावस्येला गाडी उघडणारा जावई. ही झाली वरवरची सबब. आतली गोष्ट वेगळी होती. काही न करता, नुसतं गप्प राहून, ती गाडी जाणार होती. नट ढिला करायचीसुद्धा गरज नव्हती.

तो आठवडा मी मजेत काढला. वाईट वाटतं सांगायला, पण मजेतच. गिरणीत शीळ घालत काम केलं. संध्याकाळी तलावपाळीवर जाऊन भेळ खाल्ली. साडू आता परत लोकांसारखा स्टेशनवर धक्के खाणार, मेहुणीबाई नेसत्या साडीला जपत टांग्यात चढणार, असली चित्रं डोळ्यांपुढे आणून मी खूश होत होतो. बायको बघत होती. गुरुवारी जेवताना तिने तारेवरून एक बिल काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. ज्येष्ठातल्या त्या शनिवारचं, ऑइलच्या डब्याचं.

"तुम्हाला गाडी नकोच आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे नसावी, एवढंच हवंय."

मला वाटलं होतं माझं दुखणं मी व्यवस्थित झाकलंय. तिने ते पोळीसारखं उलटून दाखवलं. चिडून मी म्हटलं, तुला मोठा पुळका आलाय ताईचा. ती म्हणाली, मलाही वाटतो हेवा, मी काय लाकडाची आहे? पण ताईला हे कळलं तर मी तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? मग तिने ताट उचललं.

शनिवारी मी रजा टाकली आणि साडूबरोबर मुंबईला गेलो. साहेब चष्मेवाले, केस पिकलेले, बोलणं थोडकं. त्यांनी वही पुढे ठेवली. तिच्या पुठ्ठ्यावरचं हळदकुंकू साहेबांच्या बोटांना लागलं होतं. मी उभा राहिलो. साडू शेजारी होता, आणि त्याच्यासमोरच सांगायचं होतं.

"तारीख खोटी आहे," मी म्हटलं. "काम खरं आहे."

साहेबांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं: काम रविवारी केलं, त्या दिवशी अमावस्या होती, घरात म्हातारं माणूस आहे, त्यांना वाईट वाटू नये म्हणून पुढची तारीख टाकली. बिल पुढे केलं. साहेबांनी बिल बघितलं, त्यावरचा ऑइलचा नंबर पुस्तकाशी ताडला. मग शेजारच्या कारकुनाला म्हणाले, पंचांग द्या. कारकुनाने खणातून चांगलं वापरून दुमडलेलं पंचांग काढलं. मी बघतच राहिलो. साहेबांनी पान काढलं, बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच जरासे हसले. म्हणाले, अमावस्येला आमच्या दारातून एकही नवी गाडी बाहेर पडत नाही, कोणी नेतच नाही, मुहूर्त बघायला हे आम्हालाच ठेवावं लागतं. रविवार धरला तर मैल जुळत होते. ठाण्याहून कल्याण आणि कल्याणहून मुंबई, बरोबर पन्नासएक मैल.

गॅरंटी टिकली. मात्र साहेबांनी एक अट घातली. एकदा नोंद खोटी निघाली, तेव्हा गॅरंटी संपेपर्यंत गाडीचं ऑइल, पाणी, ब्रेक, सगळं फक्त कंपनीच्याच कारखान्यात. बाहेरच्या कोणाचा हात लागल्याचं दिसलं तर गॅरंटी तिथेच संपली. त्यांनी कागद पुढे केला आणि साडूने माझ्याकडे न बघता सही केली. बघायचं कारणच नव्हतं म्हणा. त्याची गाडी वाचली होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता बोलेल, आठवडाभर गप्प का बसलास विचारेल. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "माझ्यासाठी तुला परक्या माणसापुढे मान खाली घालावी लागली रे." त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर सोपं झालं असतं. सासूबाईंनी मात्र ती कसर भरून काढली. अमावस्येला पोट उघडलंत, मग खडखडणार नाही तर काय, असं म्हणाल्या आणि पुढे दोन महिने माझ्याशी मोजकंच बोलल्या.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी आमच्या दारात आली. सगळी मंडळी फराळाला वर गेली. मी खालीच रेंगाळलो होतो. साडू परत खाली आला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"घे," तो म्हणाला. "आज तू चालव."

या शब्दांसाठी मी गुढीपाडव्यापासून झुरत होतो. किल्ली घेतली, आणि बसायच्या आधी सवयीने खाली वाकलो. ऑइलच्या भांड्याचा तो नट दिसला. कोणीतरी मापाचा नसलेला पाना लावून त्याच्या कडा पार खाऊन टाकल्या होत्या. सहा कडांचा नट गोल होत आला होता. नटाच्या टोकाला एक काळा थेंब लोंबत होता. बघता बघता तो पडला आणि दुसरा जमायला लागला.

मी विचारलं, हे कोणी केलं? साडू म्हणाला, कंपनीतला कोणीतरी पोरगा आहे, झटपट करतो, पाच मिनिटांत मोकळं. तुझ्यासारखं अर्धा अर्धा तास नाही लागत त्याला.

काय सांगू, त्या न पाहिलेल्या पोराचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा साडूचा जन्मात वाटला नव्हता.

बाळकुमपर्यंत मी चालवली. चांगली चालवली, साडूही म्हणाला. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे भातं पिवळी झाली होती. मी इंजिन ऐकत होतो आणि मनातल्या मनात थेंब मोजत होतो. त्याच वळणावर गाडी वळवली आणि परत आणली. साडू फराळाला वर गेला. मी घरातून घमेलं आणून नटाखाली सरकवलं, तांब्याची नवी चकती खिशात टाकली, पाना घेतला आणि गोणपाट पसरून आत शिरलो. पाच मिनिटांचं काम होतं. पाना नटाला लावला.

मग काढून घेतला. घमेलं तसंच ठेवलं आणि बाहेर येऊन गुडघे झटकले. गॅरंटीचे अजून पाच महिने बाकी होते.